सोलापूरची धूळ आम्ल कसं गिळते: घरी आणि शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळून पाहण्याची रीत

डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेत ज्यांनी चार दिवस काम केलंय, त्यांना दोन पोती चांगली ओळखीची असतात. एक कॅल्शियम नायट्रेटचं. त्याचं तोंड नीट बांधलं नाही तर पावसाळी हवेत खताला पाणी सुटतं, आधी गोळे होतात आणि मग पोत्याखाली पाझर लागतो. दुसरं जिप्समचं. चोपण, म्हणजे सोडियम वाढून चिकट-कडक झालेल्या जमिनीत टाकायला आणलेलं, राहून गेलं म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षं पडलं, तरी ठणठणीत कोरडं.

सोलापूरच्या हवेत उडणाऱ्या धुळीचं पुढं काय होतं, ते या दोन पोत्यांत आहे. आपल्या धुळीत चुनखडी असते. धुराड्यांतून आणि गाड्यांच्या नळ्यांतून निघालेले वायू हवेत आम्ल होतात आणि त्या चुनखडीच्या कणावर बसतात. नायट्रिक आम्ल बसलं तर कणाच्या अंगावर कॅल्शियम नायट्रेट तयार होतं, गंधकाचं (सल्फ्युरिक) आम्ल बसलं तर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. म्हणजे आकाशातसुद्धा ही दोन पोती भरत असतात, फक्त कण केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक.

हे पुस्तकातून शिकवलं की पोरं माना डोलावतात आणि विसरतात. म्हणून मी शाळेत रसायनशास्त्र शिकवताना याची एक हंगामभर चालणारी प्रयोगमालिका बसवली. एप्रिलमधल्या वावटळीपासून हस्ताच्या पावसापर्यंत ती चालते. नववीपासूनच्या विद्यार्थ्याला जमते, आणि अर्ध्याहून जास्त भाग स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतो.

आधी थोडं रसायन

काळी माती बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली. त्या झिजेत कॅल्शियम सुटतं. कोकणात ते पावसाबरोबर वाहून जातं. आपल्याकडं पाऊस तोकडा, त्यामुळं ते जमिनीतच कार्बोनेट होऊन साठतं. नांगरटीत वर येणारे पांढरट, वेडेवाकडे चुनखडीचे खडे ते हेच. उन्हाळ्यात रान मोकळं पडलं, वारं सुटलं की या खड्यांची बारीक पूड मातीबरोबर वर जाते. शहरात तिच्यात सिमेंटची, बांधकामाची आणि रस्त्याची धूळ मिसळते. होटगीकडं सिमेंटचे कारखाने आहेत, हे इथं लक्षात ठेवा, पुढं नमुने निवडताना उपयोगी पडेल.

आता वायू. कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. दक्षिण सोलापुरात १,३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, म्हणजे विषय आपल्या दारातला आहे. डिझेल-पेट्रोलच्या इंजिनातून, कुठल्याही मोठ्या भट्टीतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. पुणे-हैदराबाद महामार्ग शहराला घासून जातो, त्याचा वाटा वेगळा. दिवसाच्या उन्हात नायट्रोजन डायऑक्साइडचं नायट्रिक आम्ल व्हायला साधारण एक दिवस पुरतो. सल्फर डायऑक्साइड नुसत्या हवेत फार आळशी, त्याला आठवडाभरसुद्धा लागतो. पण ओलसर, अल्कधर्मी कण मिळाला तर ओझोनच्या मदतीनं तो झटपट ऑक्सिडाइझ होऊन सल्फेट बनतो. चुनखडीचा कण नेमका तसाच असतो, निदान सुरुवातीला. कण जसजसा आम्लानं भरतो तसतसा हा वेग पडतो.

दोन क्रिया शब्दांत लिहून ठेवा:

कॅल्शियम कार्बोनेट + नायट्रिक आम्ल → कॅल्शियम नायट्रेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

कॅल्शियम कार्बोनेट + सल्फ्युरिक आम्ल + पाणी → जिप्सम + कार्बन डायऑक्साइड

पहिलीत कार्बोनेटच्या एका रेणूला आम्लाचे दोन रेणू लागतात, दुसरीत एकच. हिशेबाच्या वेळी इथंच चूक होते.

दुसरी क्रिया शेतकरी जाणूनबुजून घडवतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतं. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत जिप्समऐवजी गंधक टाकायला सांगतात ते का? मातीतले जीवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते जागच्या चुनखडीला भिडतं आणि जिप्सम तिथंच तयार होतं. हवेत जे फुकट आणि नकळत घडतं, त्यासाठी रानात आपण पैसे मोजतो.

वाळूतला क्वार्ट्झ या सगळ्यात जवळपास नुसता बसून असतो. चिकणमातीची खनिजं थोडंफार आम्ल धरतात. खरं काम चुनखडीचं. म्हणून पहिला प्रश्न हाच की आपल्या धुळीत चुनखडी आहे किती.

पायरी १: सामान आणि सावधगिरी

घरातलं: पांढरं व्हिनेगर, झाकणाचे काचेचे डबे, साधं मीठ, डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं चालतं, पण बाटली नवी फोडा), आरओवाल्यांकडं असतो तसला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो), पेनासारखा पीएच मीटर (आम्लता दाखवतो, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) आणि त्याची ४ व ७ ची प्रमाणित द्रावणं. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू असेल तर उत्तम. सोनाराच्या दुकानातला चालतो, फक्त सोनाराचा मूड पाहून मागा.

शाळेतलं: ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलिन, ब्युरेट, पिपेट, गाळणकागद.

खताच्या दुकानातलं: मूठभर कॅल्शियम नायट्रेट आणि मूठभर जिप्सम. कॅल्शियम नायट्रेट तापवू नका आणि कागद-कापसाजवळ ठेवू नका, ते आगीला जोर देतं.

संडास साफ करायचं ॲसिड या कामाला वापरू नका. ते ब्लीचिंगमध्ये चुकून मिसळलं तर क्लोरीन सुटतो. डोळ्यांवर चष्मा, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. प्रयोगशाळेतल्या पायऱ्या शिक्षक समोर असल्याशिवाय करू नयेत.

पायरी २: धूळ गोळा करणं

अंगणातली माती खरवडून आणली तर ती माती झाली, धूळ नव्हे. हवेत उडून परत बसलेलीच हवी. सोपी रीत: गच्चीवर कठड्याहून उंच जागी एक रुंद काचेचं किंवा स्टीलचं ताट ठेवा, तळाला काचेच्या गोट्यांचा एक थर पसरा. गोट्यांमुळं बसलेली धूळ वाऱ्यानं परत उडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पंधरा दिवस ठेवा. नंतर गोट्या कोरड्या, स्वच्छ ब्रशनं झाडून धूळ बाटलीत घ्या. ओल्या फडक्यानं पुसायचा मोह आवरा; आपल्याला जे क्षार मोजायचेत ते विरघळून फडक्यात जातील.

ताटातली धूळ एक ग्रॅम भरायलाच वेळ लागतो. घाई असेल तर खिडकीच्या वरच्या छज्जावरची, माळ्याच्या झरोक्यातली जुनी धूळ घ्या. ती बरीच वर्षं आम्ल खाऊन बसलेली असेल, त्यामुळं ताज्या धुळीशी तुलना करायला उलट चांगलीच.

नमुने किमान चार ठिकाणचे हवेत. मी पोरांना असे वाटून देतो: एक शहराच्या मध्यातला, सात रस्ता किंवा अशोक चौकाजवळच्या गच्चीवरचा, एक होटगी रस्त्याकडचा, एक अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतला, आणि एक मोहोळ नाहीतर मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानातल्या वस्तीवरचा. ज्याचा मामा जिथं, त्याच्याकडं ते काम. सोबत तुलनेसाठी दोन दगडांची पूड करून ठेवा: शहाबादी फरशीची आणि काळ्या पाषाणाची. शहाबादी म्हणजे चुनखडक, पाषाण म्हणजे बेसॉल्ट. या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी आपली धूळ बसणार आहे.

पायरी ३: फेस

प्रत्येक नमुन्याची चिमूट बशीत ठेवून वर ड्रॉपरनं व्हिनेगरचे पाच थेंब टाका आणि कान जवळ न्या. शहाबादीची पूड चुरचुरते, पाषाणाची गप्प. हे आपल्या घरात प्रत्येकानं पाहिलेलं असतं. फरशीवर लिंबू पिळलं गेलं की तिथली चकाकी कायमची जाते, म्हणून आजी ओरडते. तो डाग म्हणजेच या लेखाचा विषय.

धुळीचा फेस बारीक असतो. भिंग घ्या. काळ्या बशीत जास्त स्पष्ट दिसतो.

पायरी ४: चुनखडीचं माप

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सावकाश करायची. धूळ बारीक चाळणीतून काढून १०५ अंश सेल्सिअसला दोन तास सुकवा. थंड झाल्यावर नेमकी १ ग्रॅम तोलून चंबूत घ्या. २५ मिलिलिटर ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं घाला, एकदम ओतलं तर फेसाबरोबर धूळ उसळून काठाला चिकटते. फेस थांबल्यावर चंबू गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाली चुनखडी असेल तर ती गार असताना सुस्त असते, ऊब मिळाली की विरघळतं. निववून गाळा, गाळणकागदावर डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा धुवा, सगळं धुवण त्याच चंबूत येऊ द्या.

आता उरलेलं आम्ल किती, ते ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडनं मोजायचं. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि पहिला टिकाऊ गुलाबी रंग आला की थांबा. धुळीतून लोह विरघळलेलं असेल तर शेवटाकडं द्रावण जरा तांबूस-गढूळ होतं, गुलाबी ओळखायला त्रास होतो; चंबूखाली पांढरा कागद ठेवा.

धूळ न घालता नुसत्या आम्लाचंही एक अनुमापन करा. त्याला ५० मिलिलिटरच्या आसपास लागले पाहिजेत. मग हिशेब सोपा: नुसत्या आम्लाला लागलेले मिलिलिटर वजा धुळीच्या चंबूला लागलेले मिलिलिटर, गुणिले ०.५. येईल ती चुनखडीची टक्केवारी. समजा ५० आणि ३०. फरक २०, चुनखडी १० टक्के. फरक ५० ला टेकायला लागला तर आम्ल संपलं असं समजा आणि अर्धा ग्रॅम घेऊन पुन्हा करा, उत्तर दुप्पट करा. शहाबादीच्या पुडीसाठी ०.२ ग्रॅमच घ्या आणि उत्तराला पाचनं गुणा.

हा आकडा हाती आला की धुळीची भूक काढता येते. १० टक्के चुनखडीची १ ग्रॅम धूळ म्हणजे ०.१ ग्रॅम कार्बोनेट. ते १२६ मिलिग्रॅम नायट्रिक आम्ल पचवतं, किंवा ६४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडपासून होणारं सगळं सल्फ्युरिक आम्ल. धूळ स्वतःच्या वजनाच्या आठव्या हिश्शाइतकं नायट्रिक आम्ल गिळू शकते, असं पोरांना सांगितलं की ती पहिल्यांदा नीट ऐकायला लागतात.

होटगीकडच्या नमुन्याबद्दल एक सांगून ठेवतो. ताज्या सिमेंटच्या कणांत कॅल्शियमचे ऑक्साइड आणि सिलिकेट असतात, तेही आम्ल खातात पण फेस काढत नाहीत. त्यामुळं फेस कमी आणि अनुमापनात चुनखडी जास्त, असा नमुना निघाला तर चूक झाली म्हणून फेकून देऊ नका. सिमेंटची शंका घ्या.

पायरी ५: आम्लाची वाफ

आतापर्यंत आपण आम्ल ओतलं. हवेत कुणी ओतत नाही, वायू येऊन बसतो. ते दाखवायला सल्फर डायऑक्साइड बनवायची गरज नाही, आणि बनवूही नका. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल स्वतःच वाफ होऊन उडतं.

झाकणाच्या मोठ्या काचेच्या डब्यात मध्ये वाटीभर व्हिनेगर ठेवा. भोवती चार बाटल्यांच्या झाकणांत १-१ ग्रॅम शहरातली धूळ, रानातली धूळ, शहाबादीची पूड आणि पाषाणाची पूड पातळ पसरा. डबा बंद करून सावलीत आठवडाभर ठेवा. त्याच चार पुडींचा दुसरा संच दुसऱ्या डब्यात, पण वाटीत व्हिनेगरऐवजी पाणी.

आठवड्यानंतर सगळी झाकणं एक दिवस उघड्यावर, धूळ बसणार नाही अशी ठेवा म्हणजे चिकटून बसलेली वाफ निघून जाईल. मग प्रत्येक पूड १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, अर्धा तास स्थिरावू देऊन टीडीएस मीटर बुडवा. कार्बोनेट शुद्ध पाण्यात लिटरला पंधरा मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही. त्याचं ॲसिटेट झालं की ते सहज विरघळतं. त्यामुळं व्हिनेगरच्या डब्यातली शहाबादी उसळी मारते आणि पाषाण जवळपास तिथंच राहतो. पाषाणाचाही आकडा बराच चढला तर वाफ नीट गेलेली नाही. अजून एक दिवस उघडं ठेवून परत करा. रानातली आणि शहरातली धूळ या दोघांच्या मध्ये कुठं उभी राहते, ते चौथ्या पायरीतल्या टक्केवारीशी ताडून पाहा.

संग्रहालयांत लाकडी कपाटातल्या शंख-शिंपल्यांवर पांढरी भुकटी येते, ती याच क्रियेमुळं. लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ येते आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच.

पायरी ६: दोन बरण्या

आता पोत्यांकडं परत. आम्ल पचवल्यावर कण कोरडा राहतो की ओला होतो, हे कुठलं आम्ल बसलं त्यावर ठरतं.

एका बरणीच्या तळाला साध्या मिठाचा ओला रबरबीत थर करा. पाणी इतकंच की मीठ पूर्ण विरघळू नये. बंद बरणीत त्यावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. दुसऱ्या बरणीत मॅग्नेशियम क्लोराइडचा तसाच थर. तिथं आर्द्रता ३३ टक्के. दोन्हींत थराच्या वर, उपड्या वाटीवर तीन छोटी झाकणं ठेवा: कॅल्शियम नायट्रेट, जिप्सम आणि शहाबादीची पूड. दाणे कोरडे आणि सुट्टे घ्या.

७५ टक्क्यांच्या बरणीत एक-दोन दिवसांत कॅल्शियम नायट्रेटचं तळं होतं. जिप्सम आणि शहाबादी जशीच्या तशी. ३३ टक्क्यांच्या बरणीत तिन्ही कोरडे राहायला हवेत. शुद्ध कॅल्शियम नायट्रेट २५ अंशांना सुमारे ५० टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतं. साध्या मिठाला त्यासाठी ७५ टक्के लागतात, अमोनियम सल्फेटला ८० च्या आसपास. दुकानातल्या खतात थोडं अमोनियम नायट्रेटही बांधलेलं असतं, म्हणून आपला प्रयोग काटेकोर नव्हे, पण दिशा तीच.

इथं एक गंमत करा. तळं झालेलं झाकण उचलून ३३ टक्क्यांच्या बरणीत ठेवा. ते लगेच सुकेल असं वाटतं, पण बऱ्याचदा घट्ट पाकासारखं तसंच राहतं. हे मीठ स्फटिक व्हायला कंटाळा करतं. म्हणजे एकदा ओला झालेला कण हवा कोरडी झाली तरी ओला राहू शकतो.

सोलापुरात याचा अर्थ काय? एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, तेव्हा नायट्रेटचा थर असलेला कण कोरडा असू शकतो. पहाटे ती वाढली, किंवा मृगाआधी ढग आले, की त्याच कणावर पाण्याचा पापुद्रा येतो. ओला कण गोल होतो, उजेड वेगळा पसरवतो, आणि त्याच्या अंगावर पुढचा सल्फर डायऑक्साइड कोरड्यापेक्षा जास्त वेगानं मुरतो. ढगात शिरला तर थेंबाचं बीज व्हायलाही तो तयार असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला तळ ठेवून ढगांचा प्रयोग केला, तेव्हा विमानातून ओल ओढणाऱ्या कॅल्शियमच्या क्षाराचे बारीक कण ढगाखाली सोडले होते. तो क्षार क्लोराइड होता, नायट्रेट नव्हे, पण दोघांची पाण्याची ओढ एकाच जातीची.

जिप्समचा कण मात्र शहाण्यासारखा गप्प बसतो. तो लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतो. कॅल्शियम नायट्रेट किलोभराहून जास्त.

पायरी ७: पाऊस

कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या स्वच्छ पावसाचा पीएच ५.६ असतो. त्याखाली गेला तर आम्लवर्षा म्हणायची पद्धत. आपल्याकडचा पाऊस बहुतेकदा त्याच्या वर राहतो, कारण धूळ.

पहिल्या वर्षी मी हा प्रयोग पार वाया घालवला. गच्चीच्या पन्हाळीखाली बादली ठेवली आणि पीएच ८ च्या वर आला म्हणून दोन दिवस खूश होतो. तो पीएच पावसाचा नव्हता, सिमेंटच्या स्लॅबचा होता. पत्र्यावरून आलेलं पाणीही नको, त्यात जस्त उतरतं.

स्वच्छ प्लॅस्टिकची मोठी नरसाळी, खाली बाटली, जमिनीपासून कमरेएवढी उंच, झाडाच्या फांद्यांपासून लांब. डिस्टिल्ड वॉटरनं चार वेळा धुतलेली, आणि पावसाचे थेंब पडायला लागल्यावरच झाकण काढायचं. आधी उघडी ठेवली तर कोरडी धूळ आत साठते. एका पावसाच्या दोन बाटल्या: पहिल्या दहा मिनिटांची एक, नंतरची दुसरी. पाऊस तीन वेळचे: वळीव, मृग आणि सप्टेंबरातला उत्तरा-हस्ताचा पाऊस. सोलापुरात पावसाचा खरा महिना सप्टेंबर, तेव्हा रानं हिरवी आणि हवा धुतलेली असते. वळवाच्या पावसात मात्र थेंब वावटळीतून उतरतो. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर मातीचे ठिपके पडतात ते त्याचेच.

पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पीएच मीटर भटकतो. मीटर ४ आणि ७ ला लावून घ्या, दांडी धुवा, नमुन्याचं थोडं पाणी फेकून नवीन घ्या, ढवळून पाणी शांत होऊ द्या आणि दोन-तीन मिनिटं थांबून आकडा लिहा. मग अर्धं पाणी लगेच गाळून ठेवा, अर्धं न गाळता. तासाभरानं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही परत मोजा. न गाळलेल्या बाटलीत धूळ अजून विरघळत असते, त्यामुळं तिचा पीएच सहसा चढतो. दोन बाटल्यांतला हा फरक म्हणजे आकाशात अर्धवट राहिलेली क्रिया तुमच्या टेबलावर पूर्ण होताना दिसते.

पीएच ७ च्या जवळ आला म्हणजे आम्ल आलंच नाही, असं नव्हे. आलं आणि खाल्लं गेलं. त्याचा पुरावा नायट्रेट-सल्फेटच्या रूपात पाण्यात शिल्लक असतो. मत्स्यालयवाल्यांकडं मिळणारी नायट्रेटची पट्टी बुडवून पाहा; रंग फिकटच येतो, म्हणून ५०० मिलिलिटर पाणी काचेच्या भांड्यात मंद आचेवर ५० पर्यंत आटवा, मग पट्टी लावा आणि आकड्याला दहानं भागा.

पायरी ८: हवेचे आकडे वाचणं

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आकडे आणि केंद्रीय मंडळाचं समीर ॲप यांवर शहरातल्या हवेची माहिती मिळते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत सोलापूर आहे. २००९ च्या मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम १० साठी (म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी) १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्हींसाठी ८०.

तुमची टक्केवारी आता इथं लावा. पीएम १० शंभर असेल आणि त्यात १० टक्के चुनखडी धरली, तर घनमीटरभर हवेत १० मायक्रोग्रॅम कार्बोनेट. ते जास्तीत जास्त १२.६ मायक्रोग्रॅम नायट्रिक आम्ल किंवा ६.४ मायक्रोग्रॅम सल्फर डायऑक्साइड संपवू शकतं. सल्फर डायऑक्साइड २० असेल तर धुळीची ताकद तिसऱ्या हिश्शालाही पुरत नाही. धूळ आपलं रक्षण करते, असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की हा हिशेब पुढं करा. शिवाय ताटात बसलेली धूळ जाड असते. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांत चुनखडीचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून हा अंदाजच. आणि तीच धूळ फुप्फुसात जाते, ते वेगळंच.

पीएम १० मधून पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण वजा केले की जाड कणांचा हिस्सा उरतो. चुनखडीची धूळ मुख्यतः इथं असते, त्यामुळं तिनं पकडलेलं नायट्रेटही जाड कणांत जातं आणि लवकर खाली बसतं. धूळ नसती तर हेच आम्ल अमोनियाशी जुळून बारीक अमोनियम नायट्रेट झालं असतं. पण ते उन्हाला भितं. ४० अंशांना त्याचे परत अमोनिया आणि नायट्रिक आम्ल होतात. म्हणून आपल्या मे महिन्यात टिकणारं नायट्रेट बरंचसं चुन्याशीच बांधलेलं असणार. थंडीत, धूळ कमी आणि पहाट गार असताना, पारडं बारीक कणांकडं झुकतं. डिसेंबरचे आणि मेचे आकडे शेजारी ठेवून हे पाहा.

हवा मोजणाऱ्या केंद्रावर दिसणारा वायू हा खाऊन उरलेला वायू असतो. वावटळीच्या दिवशी सल्फर डायऑक्साइड कमी दिसला तर धुराडं बंद होतं असा निष्कर्ष काढू नका. वारा कुठून होता, पीएम १० किती होतं, हे त्याच ओळीत लिहा. वारा दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून असतानाचे दिवस वेगळे काढले तर चित्र आणखी साफ होतं, पण त्यासाठी किमान दोन महिन्यांची वही लागते.

वहीत प्रत्येक नमुन्यापुढं तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, शेवटचा पाऊस कधी झाला आणि बाटली कुणी धुतली, एवढं असलंच पाहिजे. शेवटचा रकाना विनोदी वाटतो, पण बिघडलेले बहुतेक नमुने तिथंच पकडले जातात. वळवाची बाटली हस्ताची येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, वर मोठ्या अक्षरात "पिऊ नये" असं लिहून.